१ जूनला जन्मलेल्यांसाठी काही मौलिक सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या एकत्र कुटुंबात तुमचा जन्म झाला आहे. या कुटुंबाचा कर्ता पुरुष म्हणजे गावच्या शाळेचा हेडमास्तर. बाप पोराला दंडाला धरून शाळेत नेई. मास्तर विचारत, "जन्म कधीचा?" बाप म्हणे, "पेरणीच्या आदी." कोणत्या सालच्या पेरणीच्या आधी, यावर थोडी चर्चा होई. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. बोटं कानाला लागली की पोराचं वय बसलं. मास्तर जनरल रजिस्टर उघडून ठणठणीत अक्षरात १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये उघडायची आणि वयाची वजाबाकी करताना हातचा घ्यावा लागू नये, एवढाच त्यामागचा विचार.

तेव्हा पहिली सूचना अशी की, लाजू नका. आपली तारीख खरी नाही म्हणून मन खट्टू करून घेण्यापेक्षा त्या तारखेला आणखी कोण कोण जन्मलं ते पाहा. सकाळी साडेसहाला कुटुंबाच्या ग्रुपवर जो 'दिनविशेष' येतो, तो आजवर तुम्ही न वाचता पुढे ढकलत आलात. या दिवशी मात्र तो नीट वाचा. मेरिलिन मन्रो, १ जून १९२६. जेट इंजिनाचा ब्रिटिश जनक फ्रँक व्हिटल, १ जून १९०७. युद्धशास्त्राचा जर्मन पंडित क्लाउझेवित्झ, निदान बऱ्याच याद्यांप्रमाणे तरी, १ जून १७८०. आयसीएस झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर, १ जून १८४२. हे गृहस्थ रवींद्रनाथांचे थोरले बंधू. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याला ते न्यायाधीश होते. सातारकरांनी हा मुद्दा अधोरेखित करावा.

आता यादीतली निवड जरा बेताने करावी. सोसायटीच्या चेअरमनना शुभेच्छा देताना 'आपण आणि मेरिलिन मन्रो एकाच दिवशी जन्मलात' असं लिहिलंत तर ते खूष होतील, त्यांच्या सौभाग्यवती होणार नाहीत. त्यांना क्लाउझेवित्झ लावावा. पार्किंगच्या वादात त्यांनी आजवर जे डावपेच लढवले, ते पाहता तो शोभूनही दिसतो.

तरीही यादी तोकडी वाटली, तर तिला योगायोगाची फोडणी द्या. नर्गिस यांचा जन्म १ जून १९२९चा. त्याच दिवशी, त्याच साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. एकीकडे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी कंपनीचा मुहूर्त करताहेत आणि दुसरीकडे नर्गिस जन्म घेताहेत, म्हणजे यात नियतीचा संकेत आहेच, असं ठोकून लिहा. कसला संकेत, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर हात जोडल्याचं चित्र पाठवून द्या.

पण माझं ऐकाल, तर माणसांच्या फार नादी लागू नका. १ जूनची खरी मातब्बरी चाकांवर आहे. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन रेक, एक चंदेरी रंगाचा आणि दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघ. पुणे स्टेशनवर अजून दर वर्षी तिचा वाढदिवस होतो, इंजिनाला हार पडतो, प्रवासी केक कापतात. पुढे १ जून १९४८ला पुणे ते नगर मार्गावर पहिली एसटी धावली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी आणि काथ्याची सीट. त्या सीटवर बसून नगरला पोचलेल्या माणसाच्या पाठीची काय गत झाली असेल, याचा कुठल्याही दिनविशेषात उल्लेख नाही. पण लक्षात घ्या, त्या गाडीची तारीख पक्की आहे. कागद आहे, साक्षीदार आहेत, ड्रायव्हर-कंडक्टरची नावंसुद्धा नोंदलेली आहेत. यंत्राला जन्मतारीख मिळाली आणि त्यातून उतरून शाळेत गेलेल्या पोराला मास्तरांनी स्वतःच्या पदरची दिली.

यातली आणखी एक गंमत सांगतो. शाळेच्या फळ्यावर वर उजव्या कोपऱ्यात रोज दिनविशेष लिहिला जातो. खडू ओला करून ठळक अक्षरात लिहिण्याचा मान हुशार मुलाचा. पण १ जूनचा दिनविशेष कुठल्याही मराठी शाळेच्या फळ्यावर तुम्ही पाहिला नसेल. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुटी असते. ज्या कारखान्यात हा दिवस तयार झाला, तिथे तो साजरा करायला शिपाईसुद्धा हजर नसतो.

शोकाच्या बाबतीत मात्र सावध राहा. प्रत्येक तारखेला माणसं जन्मतात, तशी जातातही. हेलन केलर १ जून १९६८ला गेल्या. ख्वाजा अहमद अब्बास १९८७ला, माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी १९९६ला आणि आपले गो. नी. दांडेकर १९९८ला. २००१मध्ये तर याच दिवशी काठमांडूच्या राजवाड्यात नेपाळचं राजकुटुंब गोळ्यांना बळी पडलं. हे सगळं एकाच मेसेजमध्ये, तळाशी गुलाबाचं फूल आणि 'आपला दिवस आनंदात जावो' अशा थाटात येतं. आमच्या एका ग्रुपवर गोनीदांना 'पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा' मिळाल्या होत्या. त्यावर सतरा जणांनी अंगठा दिला. खात्री नसेल तिथे 'विनम्र अभिवादन' लिहावं. ते जिवंत, मृत आणि नगरसेवक या तिघांनाही चालतं.

आणि १ जून हा जागतिक दूध दिनही आहे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने ठरवलेला. केक नको म्हणणाऱ्या मधुमेही सत्कारमूर्तींना पेलाभर दूध द्यावं.

आकडेमोडीची आवड असलेल्या पुतण्याला या दिवशी शक्यतो दूर ठेवा. तो म्हणेल, जगात आठशे कोटी माणसं आहेत, त्यांना ३६५ने भागलं तर दर तारखेच्या वाट्याला दोन कोटींहून जास्त येतात, मग तुमच्या मेरिलिनचं काय एवढं? तो असंही म्हणेल की, कोणतीही तेवीस माणसं एका खोलीत बसवली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्याला सांगा, बाळा, ते गणित परदेशातलं. आमच्या कचेरीत पाच माणसं पुरायची, आणि शक्यता नाही, खात्री.

कचेरीचा विषय निघालाच आहे तर निवृत्तीबद्दलही सांगून टाकतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून १ जूनवाल्यांचा निरोप ३१ मेला. सकाळी अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला त्यांच्या प्रतिमेला हार घालायचा आणि दुपारी तोच फोटोग्राफर थांबवून घ्यायचा, अशी कचेऱ्याकचेऱ्यांतून पद्धत. आमच्या वेळी एकाच सतरंजीवर चौघांचा निरोप उरकला. शाली एकाच दुकानातून घेतल्यामुळे घाऊक भाव मिळाला. भाषणं मात्र किरकोळीत झाली, प्रत्येकाला वेगळी. माझ्याबद्दल साहेब म्हणाले, "यांच्याकडे बघून कोणी म्हणेल का, अठ्ठावन्न झाले म्हणून?" टाळ्या पडल्या. साहेबांना कल्पना नव्हती की ते आयुष्यात पहिल्यांदाच तंतोतंत खरं बोलले होते.

कारण माझा हिशेब असा आहे. दाखल्यावर १ जून १९६७. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे चारनंतर. कागदाप्रमाणे त्या पहाटे मी सहा महिन्यांचा होतो, पालथा पडत होतो. आई सांगते ते असं: मांडणीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली आणि ती स्वतः पोट सावरत उंबऱ्यात उभी राहिली. त्या पोटात मी होतो. पुढे महाशिवरात्रीला चुलीवर वरी शिजत होती, तेव्हा कळा सुरू झाल्या. वरी करपली. सासूने त्याबद्दल पुढे वर्षभर ऐकवलं, म्हणून ती तारीख आईच्या डोक्यात पक्की बसली आहे. तिच्या पंचांगात भूकंप, करपलेली वरी आणि सासूचं बोलणं असे तीन स्वतंत्र पुरावे आहेत. इतिहास संशोधक एवढ्यावर प्रबंध लिहितील.

तेव्हा बोटं मोजून पाहा. जूनच्या पहिल्या तारखेपासून महाशिवरात्रीपर्यंत होतात नऊ महिने. मास्तरांनी माझ्या जन्माची नाही, आईला दिवस राहिल्याची तारीख रजिस्टरात लिहिली! या बाबतीत त्यांना अंतर्ज्ञानी समजण्याचं कारण नाही, त्यांनी नेहमीप्रमाणे सहज १ जून लिहिली होती. पण जे नऊ महिने आईने पोटात वागवलं, ते नऊ महिने शेवटी माझ्या पगारातून गेले.

तुम्ही म्हणाल, तारीख दुरुस्त का नाही केली? फार चांगला प्रश्न. जरूर करून घ्या. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. त्या पाच वर्षांत आपण नोकरी टिकवण्याच्या नादात असतो, निवृत्तीचा विचार कोणाला सुचतो? तरी एकदा मी आस्थापनेच्या कारकुनाकडे गेलो होतो. तो म्हणाला, "जन्माचा पुरावा आणा." म्हटलं, आई आहे. तो म्हणाला, "आई पुराव्यात बसत नाही." म्हटलं, कोयनेचा भूकंप? त्याने सेवापुस्तक मिटलं आणि चहा मागवला. चहाचे पैसे मी दिले. दोघांचे.

म्हणून आता व्यवहाराचा सल्ला. तारीख बदलायच्या भानगडीत पडू नका, दोन वाढदिवस ठेवा. एक १ जूनचा: तो बँकेचा, विमावाल्याचा आणि ज्या सराफाकडे तुम्ही एकदाच कानातलं बदलायला गेला होता त्याचा. या सगळ्यांचे मेसेज पहाटेच येतात. त्यांना उत्तर देऊ नका, ते वाट बघत नसतात. दुसरा आईचा. तो तिथीने येतो, दर वर्षी तारीख बदलतो, मोबाईलला कळत नाही. माझा तर महाशिवरात्रीचा, म्हणजे ऐन उपासाचा. केकचं नावही काढायचं नाही. आई औक्षण करते आणि हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवते. वर दर वर्षी न चुकता म्हणते, "बघ बाबा, वरी करपंल."

ज्योतिषाकडे गेलात तर कोणती तारीख द्यायची, हे आधीच ठरवून जा. मी दोन्ही देऊन पाहिल्या. १ जूनच्या पत्रिकेत परदेशगमनाचा योग निघाला, शिवरात्रीच्या पत्रिकेत पोटाचे विकार. अनुभव दुसऱ्या पत्रिकेच्या बाजूने आहे, पण फी दोन्हींची सारखीच पडली.

राहता राहिलं फ्लेक्सचं. चौकात १ जूनला एवढ्या फ्लेक्सची गर्दी होते की, शेवटी आमच्या वॉर्डातल्या पोरांनी अकरा भाऊंचे फोटो एकाच फ्लेक्सवर बसवले. तुम्ही बारावे असाल तर आदल्या महिन्यातच पैसे भरा. अगदी कोपऱ्यात, मतदारसंघाच्या साहेबांच्या कोपराखाली थोडी जागा असते.

यंदाच्या १ जूनला मी हा सगळा कार्यक्रम यथासांग केला. निवृत्त होऊन उणेपुरे बारा तास झाले होते. दीडशे मेसेज आले, सत्येंद्रनाथ टागोरांपासून सराफापर्यंत सगळे आले. फोन घेऊन मी सोप्यात आईजवळ बसलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. फोन सारखा वाजतोय म्हणून तिने विचारलं, "आज कशाचं रं एवढं?"

म्हटलं, "वाढदिवस आहे."

"कुणाचा?"

"माझा."

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला आणि म्हणाली, "मग जा की मास्तराकडं, त्यो ओवाळंल."