अंगरख्याला अडीच मीटर पुरत नाही

अलिबागच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आंग्रेकालीन अंगरखा अडीच मीटरमध्ये होतो, बंदांऐवजी प्रेस बटणं लावा.’ दोन्ही चूक.

अडीच मीटर फक्त घेराला, म्हणजे कमरेखालच्या भागाला लागतं. 36 इंच कंबर धरली तर 12 कळ्या, म्हणजे वर अरुंद, खाली रुंद तुकडे: वर 5, खाली 14, उंची 33 इंच. 44 इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) एक सुलट, एक उलट मांडल्या की एका उंचीत चार बसतात. शिवणीत प्रत्येकी इंच गेल्यावर वर 48 इंच उरतात. जादा 12 इंच पुढचे दोन पल्ले एकावर एक येण्यासाठी. कमरेवरचं अंग, चुणीदार बाह्या आणि बंद मिळून आणखी पावणेदोन मीटर. सुती कापड आटतं, म्हणून साडेचार घ्या आणि रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा. कळ्यांच्या तिरक्या कडा लोंबतात. घेर एक दिवस टांगून ठेवल्याशिवाय खालची पट्टी दुमडलीत तर ती वरखाली दिसणारच.

आता बटणं. प्रेस बटणाचं पेटंट 1885 सालचं, जर्मनीतलं. कान्होजी आंग्रे वारले 1729 मध्ये. ते सोडलं तरी खाऱ्या हवेत साधं लोखंडी बटण गंजतं आणि पांढऱ्या कापडावर पडलेला डाग सहसा निघत नाही. शिवाय घेराच्या वजनाने ते ऐन मिरवणुकीत उघडतं. सव्वा इंची पट्टी चौपदरी दुमडून बांधायचे बंद शिवा आणि ते लावताना मागे कापडाचा तुकडा द्या. नाहीतर काखेपाशी फाटतं. आतला बंद आधी बांधायचा. तो विसरलात तर आतला पल्ला घसरतो आणि छाती उघडी पडते.