रक्त ‘अल्कलाइन’ करणारं पाणी

ठाण्यातल्या मासुंदा तलावावर सकाळी चालणाऱ्या आमच्या गटात एक मजकूर फिरतोय: सामू (पीएच) ९ असलेलं अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, पाणी आणि लिंबूपाणी रोज प्या, रक्त अल्कलाइन होईल, तशा शरीरात कॅन्सर जगत नाही, हे दाखवूनच जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी नोबेल मिळवलं. गटातल्या एका काकूंची केमो चालू आहे. त्यांनी मला विचारलं, कारण मी बी.एस्सी.च्या मुलांना भौतिक रसायन शिकवते.

‘रक्त अल्कलाइन होईल.’ ते आहेच! सामू ७ च्या वर गेला की अल्कलाइन, आणि निरोगी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो याहून वर गेला तर तो आजार. घाबरून जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि बोटांना मुंग्या येतात.

‘पाण्याने सामू वाढतो.’ जठरातल्या आम्लाचा सामू २ धरा. सामू ९ असलेल्या लिटरभर पाण्यातला सगळा हायड्रॉक्साइड, म्हणजे त्याला अल्कलाइन करणारा घटक, संपवायला त्या आम्लाचं १ मिलिलिटर पुरतं. पाण्यात बायकार्बोनेट (आम्ल शोषून घेणारा घटक) असेल तर आम्ल जास्त लागेल, पण रक्तापर्यंत पोचलेलं जादा बायकार्बोनेट मूत्रपिंडं बाहेर टाकतात. रक्तात लिटरमागे बायकार्बोनेट सुमारे २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२, म्हणजे २० ला १. दोन्ही सारखे असते तर सामू ६.१ असता, हा या जोडीचा पीकेए; त्यात २० चा लॉग १.३ मिळवला की ७.४. इथे हुशार मुलं हटकून अडतात: बफर, म्हणजे सामू ढळू न देणारी जोडी, पीकेएजवळच उत्तम चालते; मग पीकेए ७.४ पासून इतका लांब असताना हा बफर चांगला कसा? बंद चंचुपात्रात तो दुबळाच ठरला असता. शरीर बंद नाही. एक घटक फुप्फुसं सांभाळतात, दुसरा मूत्रपिंडं, आणि दोघं मिळून ते गुणोत्तर ढळू देत नाहीत.

लिंबातलं सायट्रेट शरीरात जळून बायकार्बोनेट बनतं, हे खरं. त्याने पट्टीवर लघवीचा सामू वाढलेला दिसतो, रक्ताचा नव्हे.

वारबुर्ग यांचं १९३१ चं नोबेल पेशींच्या श्वसनातल्या विकरासाठी (एन्झाइमसाठी) होतं. गाठीभोवती आम्लता असते, पण ती गाठीतल्या पेशीच लॅक्टिक आम्ल सोडून तयार करतात. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवतात त्या द्रावणाचा सामूही ७.४ च्या आसपासच ठेवतात, आणि त्यात त्या जोमाने वाढतात.

काकूंनी विचारलं, ‘मग लिंबू सरबत सोडू?’ म्हटलं, आवडतं तर डॉक्टरांना विचारून खुशाल घ्या. केमोची तारीख तेवढी हलवू नका.