फॉगिंगची गाडी नको, नळाची तारीख सांगा

पोळा झाला की आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "साहेब, डास लई झालेत, धुराची गाडी पाठवा." मग गाडी येते. मागं लेकरं पळतात, बायका दारं-खिडक्या लावून घेतात, कोणीतरी फोटो टाकतं, नगरसेवकाला पाच-पन्नास अंगठे मिळतात आणि विषय मिटतो. मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब चालवतो. गाडी येऊन गेल्यावर माझ्या बाकावरची तापाची गर्दी कमी झालेली मला आजवर दिसली नाही, आणि ती का व्हावी हेही कळत नाही.

डेंग्यूचा डास, एडिस, हा घरातला रहिवासी आहे. खुंटीवरच्या शर्टामागं, पलंगाखाली, कपाटाच्या सांदीत बसतो. चावतो दिवसा, त्यातही सकाळी आणि दिवस कलताना. धूर मात्र संध्याकाळी, रस्त्यावर आणि आपली दारं बंद असताना. त्यातून जे मरतात ते तेव्हा हवेत असलेले. रांजणात वळवळणाऱ्या अळ्यांना गाडी आल्याचं कळतसुद्धा नाही. साथ भडकली असेल तर रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या घरांत आतून फवारणी करण्याला अर्थ आहे, ते जरूर करा. पण रस्त्यानं धूर सोडत जाणारी गाडी म्हणजे वरातीतली आतषबाजी. खर्च होतो, सगळ्यांना दिसतो, आणि संसाराला काही उपयोग होत नाही.

आता खरं दुखणं. एडिसला गटार लागत नाही, त्याला आपलं पिण्याचं, वापरायचं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या हवेत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नळ किती दिवसांनी येतो? पाच, आठ, दहा. उन्हाळ्यात विचारूच नका. म्हणजे आपण पाणी नेमकं तेवढेच दिवस साठवतो जेवढे त्या डासाला वाढायला हवेत. जायकवाडीचं धरण उशाशी असून छत्रपती संभाजीनगरातल्या वसाहतींना कित्येक वर्षं दिवस मोजत बसावं लागलं, तिथं बाकीच्यांनी काय बोलावं. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्या वर्षात आमच्याकडंही घरोघर निळे ड्रम आले. पुढं पाऊस झाला, ड्रम मात्र गेले नाहीत. जाणार कसे? उद्या नळ येईल याची खात्री कोणाला आहे?

म्हणून "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" हे वाक्य वाचलं की मला वाटतं, हे लिहिणाऱ्याच्या घरी रोज नळ येत असणार. आमच्या गल्लीतल्या एका आजीनं आशाताईला तोंडावरच सांगितलं होतं, "आठ दिसाला नळ, अन् सांडून दे म्हंतीस व्हय माय?" आशाताई काय बोलणार! तिच्या घरीही तेच ड्रम.

पाणी सांडायची गरजच नाही, हे कोणी नीट सांगत नाही. रांजणातलं पाणी दुहेरी सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं. अळ्या फडक्यात राहतात, त्या कोरड्या मातीत किंवा उन्हातल्या फरशीवर झटकायच्या, मोरीत नाही. मग रिकामा रांजण आतून नारळाच्या काथ्यानं खसाखसा घासायचा, विशेषतः जिथपर्यंत पाणी असतं त्या रेषेवर. तिथं नीट बघितलं तर काळे, खसखशीहून बारीक ठिपके चिकटलेले दिसतात. ती अंडी. कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून देऊन रांजण पुन्हा भरणाऱ्याच्या घरी आठवड्यानं पुन्हा अळ्या का, याचं उत्तर त्या रेषेत आहे. घासून झालं की उन्हात पालथा घालायचा, आणि तेच गाळलेलं पाणी परत ओतून तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं दोरीनं घट्ट बांधायचं. लाकडाची फळी ठेवून भागत नाही, डासाला बोटभर फट पुष्कळ. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडून गेलेलं असतं, ते एकदा वर चढून बघा. जनावरांच्या हौदात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात आणि मागून काही मागत नाहीत.

एवढं सगळं बाईनं करायचं, हे मलाही कळतं. भरायचं तिनं, गाळायचं तिनं, घासायचं तिनं. दोनशे लिटरचा ड्रम आडवा करायला घरातल्या गड्यांनी हात लावला तर काही बिघडत नाही.

पण हे घराघरांत होण्यासाठी एक गोष्ट आधी लागते, ती म्हणजे नळाची नक्की तारीख. माझं म्हणणं एवढंच आहे. रोज पाणी द्या ही मागणी रास्तच आहे, पण ती पुरी व्हायला धरण, पाईपलाईन, टेंडर आणि दोन-तीन निवडणुका लागतील. तोवर निदान नळ कोणत्या वारी येणार ते सांगा आणि त्या वारी सोडा. सहाव्या दिवशी नळ नक्की येणार हे माहीत असेल तर बाई पाचव्या दिवशी ड्रम तळाला आणते, घासते, नव्यानं भरते. सहाचे नऊ होतील अशी भीती असेल तर ती तळातलं शिळं पाणी जपून ठेवते आणि नवं त्यावरच ओतते. म्हणजे बेभरवशाचा नळ हाच आमच्याकडचा डास पैदास विभाग आहे. आणि पाणीपुरवठ्याच्या बैठकीत आरोग्याचा माणूस नसतो, आरोग्याच्या बैठकीत वॉल्व्ह फिरवणारा नसतो. आमच्या गावात डेंग्यू रोखण्याची किल्ली त्या वॉल्व्हमनच्या हातात आहे आणि त्याला ते कोणी सांगितलेलं नाही.

आजार झाल्यावरचं चित्रही सांगतो, कारण ते मी रोज बघतो. ताप आला की लोक पहिल्याच दिवशी येतात आणि "प्लेटलेट बघा" म्हणतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन ही रक्तात विषाणूचा अंश शोधणारी तपासणी उपयोगाची, त्यानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी. नुसत्या प्लेटलेट कमी झाल्या म्हणून डेंग्यू ठरत नाही, आणि ऐंशी हजारांवर आल्या म्हणून घरच्यांनी रक्तपेढ्यांना फोन लावायचीही गरज नसते. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय बाहेरून प्लेटलेट देऊ नयेत, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात. लक्ष ठेवायचं ते ताप उतरताना. ताप गेला, पेशंट बरा झाला म्हणून सगळे निवांत होतात आणि नेमकं तेव्हा पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं सुरू झालं तर तासाभराचाही वेळ घालवू नये. तापाला पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून मागून घेऊ नका, त्यांतल्या काही रक्तस्राव वाढवतात. पपईच्या पानाच्या रसावर मी बोलत नाही, भांडणं होतात.

डासावरच थांबलो असतो, पण मामल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याला वर्ष व्हायच्या आत, 1994 च्या पावसाळ्यात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरांतून उंदीर मरून पडायला लागले आणि पिसवांनी लोकांना सळो की पळो केलं. लोकांनी ते सांगितलं. मग जांघेत, काखेत गाठी येऊन ताप भरलेली माणसं दिसू लागली. भूकंपानंतर पडक्या, सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिलं, तिथं उंदीर माजले आणि रानातल्या उंदरांतला प्लेग गावच्या उंदरांत शिरला, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला, पन्नासवर माणसं गेली, लाखो लोक शहर सोडून पळाले, कित्येक देशांनी आपली विमानं अडवली. तो प्लेगच होता का यावर पुढं अभ्यासकांत वाद झाले, ते त्यांचं ते बघोत. माझ्या डोक्यात राहतं ते हे, की पहिला निरोप उंदरांनी आणला होता आणि तो गावकऱ्यांनी पुढं पोचवला होता. प्रयोगशाळा नंतर आली.

तसले निरोप आजही येतात. एखाद्या गोठ्यात गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, म्हणजे गर्भ टाकते. पुढच्या महिन्यात दुसरी. मालक नशिबाला बोल लावतो, गर्भाची वार अडकली की हाताला तेल चोळून उघड्या हातानं काढतो, मेलेलं वासरू उकिरड्यावर टाकतो, ते कुत्री ओढत नेतात. दोन महिन्यांनी तोच मालक माझ्याकडं येतो. येता-जाता ताप, रात्री घाम, कंबर-सांधे धरलेले, "विडाल करा", म्हणजे टायफॉइडची तपासणी करा, अशी चिठ्ठी. विडाल थोडीफार वाढलेली निघते, टायफॉइडच्या गोळ्या होतात, ताप परत येतो. ब्रुसेला, म्हणजे गुरं गाभडवणारा आणि त्यांच्याकडून माणसात येणारा जंतू, तपासा असं लिहून आलेली चिठ्ठी मला क्वचितच दिसते. गुरं आहेत का, कोणती गाभडली का, कच्चं दूध पिता का, हे तीन प्रश्न तापाच्या रुग्णाला विचारायला यंत्र लागत नाही. एकदा निदान झालं की सहा आठवडे औषध घ्यावं लागतं, मध्येच सोडलं की रोग उलटतो.

लाल कंधारी आणि देवणी या जाती ज्या मुलखानं घडवल्या, तिथल्या शेतकऱ्याला गुरं सांभाळायला मी शिकवायचं नाही. पण एवढं कराच: हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, गाभडलेलं वासरू आणि वार चुना टाकून खोल पुरा, धारोष्ण दुधाचं कौतुक पुरे, दूध उकळा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि वगारीला ब्रुसेलाची लस एकदाच द्यावी लागते आणि 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारकडून आहे. आमच्याकडं जनावरांचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना एका रस्त्यावर आहेत, मधे फक्त चहाची टपरी. दोन्हीकडचे डॉक्टर त्या टपरीवर क्रिकेटवर बोलतात. गाभडलेल्या गाईंवर पाच मिनिटं बोलले तरी पुष्कळ.

कुत्र्याबद्दल थोडक्यात, कारण इथं वाद घालायला जागाच नाही. रेबीज झाला की माणूस जातो. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, आणि "आमच्या गावात एक जण उतरवतो" तिकडं जायचं नाही. इंजेक्शनं आता दंडात असतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या जुन्या गोष्टीला भिऊन घरी बसू नका. डोस दवाखान्यात लिहून देतील त्या तारखांना पुरे करा, कुत्रं जिवंत आहे की मेलं याची वाट बघत पहिला डोस लांबवू नका. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन, द्यावं लागतं, आणि ते तालुक्याला नाही म्हणून जिल्ह्याला पिटाळलेले लोक मी बघितले आहेत. धुराच्या डिझेलवर खर्च करणाऱ्यांनी आधी हे फ्रीजमध्ये आहे का ते बघावं.

आणि हत्तीरोग. नांदेड, लातूर, धाराशिव ही नावं राज्याच्या हत्तीरोगाच्या यादीत राहिलेली आहेत. गोळ्या वाटायला माणसं घरी आली की "जेवल्यावर घेतो" म्हणून खिडकीत ठेवू नका, खाऊन घेऊन समोरच गिळा. पाय सुजल्यावर तो पूर्वीसारखा होत नाही, गोळी त्याच्या आधी खायची असते. दोन वर्षांखालची लेकरं, गरोदर बायका आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी.

आता कामाचं. आरोग्य खातं दरवर्षी घरोघर कंटेनर सर्वेक्षण करतं, शंभर घरांत किती घरी अळ्या सापडल्या ते काढतं. तो आकडा कागदावर वर जातो, गल्लीत येत नाही. तो वॉर्डवार चावडीच्या फळ्यावर लिहा, शेजारी त्या वॉर्डाच्या नळाची तारीख लिहा. दोन्ही एकत्र वाचले की कोणत्या गल्लीत पुढच्या महिन्यात ताप येणार हे दहावीतलं पोरगंही सांगेल. पंधरा ऑगस्टच्या सभेत आम्ही हा ठराव मांडला होता, "विचारात घेऊ" असं उत्तर मिळालं.

मी पुन्हा अर्ज देणार आहे, या वेळी आकड्यांसकट. तेव्हा तुमच्या गावाचं, वॉर्डाचं नाव आणि नळ किती दिवसांनी येतो, त्याची तारीख आधी कळते का, सांगितलेल्या दिवशी येतो का, एवढं खाली लिहा. टँकरवर असाल तर तसं लिहा. राजकारण नंतर.