डाळ खा, पण पिशवी बघून

गावाकडून तूरडाळीचा कट्टा आला असेल तर आधी माळ्यावर टाका. संभाजीनगरात फ्लॅट घेऊन बिननावाची डाळ शिजवता? मॉलमध्ये जा आणि जिच्यावर फेटेवाला शेतकरी हसतोय, ती पिशवी उचला. तुरीचा भाव ऐकून कोणी इतका हसत नाही, पण आपल्याला डाळ घ्यायचीय, चौकशी करायची नाही. पिशवीवर 'गावरान' छापलेलं असावं. गावाहून आलेल्या कट्ट्यावर तसं काहीच लिहिलेलं नसतं, मग ओळखायचं कसं?

आता पिकवणाऱ्यांसाठी. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, खरेदीदार तुमच्या पोत्यात हात घालतो, दोन दाणे दाताखाली धरतो, ओल जास्त आहे म्हणतो आणि भाव पाडतो. नाव विचारतो ते पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, लिहिण्यापुरतं. मनाला लावून घेऊ नका. पेरणी, फवारणी, रात्रीची लाईट आल्यावर मोटार चालू करायला जाणं हे तुमच्याकडे. नाव तेवढं दुसऱ्याकडे.

नाव हवंच असेल तर भौगोलिक मानांकन (जीआय) आहे की, म्हणजे पिकाला त्याच्या मुलखाच्या नावाची सरकारी मोहोर! लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आहे, बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला, मराठवाड्याच्या केसर आंब्यालाही. फक्त ते पिकाला मिळालंय, तुम्हाला नाही. वापरायचं तर तुमची वेगळी नोंदणी हवी. गाड्यावर 'जालन्याची मोसंबी' अशी पाटी मात्र कोणीही रंगवतो. यातूनही उमेद उरलीच आणि किलोकिलोच्या पिशव्या भरायला घेतल्या, तर १८ जुलै २०२२ लक्षात ठेवा. त्या दिवसापासून लेबल लावलेली, २५ किलोपर्यंतची पाकीटबंद डाळ ५ टक्के जीएसटीत गेली. सुटी डाळ बाहेर राहिली. म्हणजे निनावी राहण्यात सूट आहे.

पिशवीचा एक गुण मात्र खरा: वजन, तारीख, पत्ता छापलेला असतो. खडा निघाला तर भांडायला दार असतं. सुट्या डाळीत निघाला तर दातांच्या डॉक्टरचंच दार.

मागच्या महिन्यात लातूरहून मामा आले. येताना डाळ आणली होती. ती माळ्यावर गेली आणि त्यांना पिशवीतल्या डाळीचं वरण वाढलं. दोनदा मागून घेतलं त्यांनी. मी कौतुकानं कंपनीचं नाव सांगितलं.

"नाव ऱ्हाऊ दे, गाव कंचं?"

पिशवी उलटी करून बारीक अक्षरातला पत्ता वाचला.

"हे तर आपल्या मोंढ्याच्या मागंच हाय की," मामा म्हणाले, आणि ताट पुढे सरकवलं.