कालवांची करंजी आणि कृष्णेतले मासे

उन्हाळा तापला की सांगलीहून दादाचा फोन येतो आणि बहुधा पहिले वाक्य ठरलेले असते, "नदीत परत मासे मेले." पाठोपाठ व्हिडिओ येतो, त्यात काठाला लागलेले पांढऱ्या पोटाचे मासे असतात आणि नाकाला रुमाल लावलेली माणसे. मग आठवडाभर वाद रंगतो. कोणी साखर कारखान्यांच्या मळीकडे बोट दाखवतो, कोणी शेरीनाल्याच्या सांडपाण्याकडे, आणि पाण्याचे नमुने घेतले जाईपर्यंत वरच्या धरणातून पाणी सुटून सगळे वाहून गेलेले असते. हा वाद खोटा नाही. मळी आणि मैला पाण्यातला प्राणवायू खातात, मासे गुदमरतात आणि ते डोळ्यांना दिसते. माझी तक्रार एवढीच आहे की जे डोळ्यांना दिसते तेवढ्यावरच आपला वाद सुरू होतो आणि तेवढ्यावरच संपतो.

मी गेली काही वर्षे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे पाणी विषारी आहे की नाही हे कालवांच्या भ्रूणांना विचारतात. (कालवे म्हटले की सांगलीत ताकारी-म्हैसाळचे कालवे आठवतात, मी शिंपल्यातल्या प्राण्याविषयी बोलतो आहे.) नर आणि मादी कालवांची बीजे काचेच्या भांड्यात एकत्र करायची, फळलेली अंडी तपासायच्या पाण्यात सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. चोवीस तासांत निरोगी भ्रूणाची केसाच्या जाडीएवढी अळी होते. तिच्या दोन इवल्या शिंपा एका सरळ काठाने जोडलेल्या असतात आणि बाकीची कड गोल असते, म्हणजे हुबेहूब करंजी. पाण्यात तांबे जास्त असेल तर ही करंजी नीट मिटतच नाही. कड वाकडी होते, कुठे सारण बाहेर आल्यासारखे मांस शिंपेबाहेर लोंबते, तर कुठे शिंप धरलेलीच नसते, नुसता पेशींचा गोळा. अशा अळ्या त्या क्षणी मेलेल्या नसतात. कित्येक हलत असतात. पण त्यांचे कालव कधीच होणार नाही.

हे बिघडायला तांबे तरी किती लागते? लिटरमागे पाच-सहा मायक्रोग्रॅम तांब्याने कालवांचे निम्मे भ्रूण बिघडतात, हे १९८० च्या सुमारासच्या प्रयोगांतून दिसले आहे. भारतात पिण्याच्या पाण्यात तांब्याची इष्ट मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आपण निर्धास्तपणे पिऊ शकतो ते पाणी, त्यातले तांबे कशाला न चिकटता मोकळ्या आयनाच्या (विद्युतभारित कणाच्या) रूपात असेल, तर या अळीच्या दृष्टीने दहापट कडक ठरते. कारखान्यांच्या सांडपाण्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम तांब्याची मुभा आहे. ते पुढे पातळ होते हे खरे, पण किती पातळ होते हा प्रश्न तरी विचारायला हवा.

गंमत अशी की मोठ्या कालवाला याचे फारसे काही वाटत नाही. आमच्या जवळच्या फाल खाडीच्या एका फाट्यात जुन्या खाणींचे पाणी शतकानुशतके उतरत आले, आणि तिथली कालवे तांब्याने चक्क हिरवी पडत, तरी जगत. प्रौढ प्राण्याकडे धातूला बांधून बाजूला ठेवणारी प्रथिने असतात, ती साठवायला अवयव असतात. भ्रूणाकडे यातले काही तयार नसते. त्याचे आवरण पातळ, आकाराच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा आणि एका दिवसात शिंप घडवण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम ओढून घेण्याची घाई. कॅडमियम आणि शिसे कॅल्शियमच्याच वाटेने आत शिरतात. हिरवी पण जिवंत कालवे पाहून कोणी खाडी ठीक आहे असा दाखला दिला असता, तर तो मेलेले मासे नाहीत म्हणून नदी ठीक आहे या दाखल्याइतकाच खरा ठरला असता.

आता थोडे घरचे. तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे आणि माझे लहानपण मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या रंगात गेले. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे बोर्डो मिश्रणाचे प्रमाण मला पाढ्यांसारखे पाठ होते. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगावरचा हा उपाय १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या बागांत सापडला. त्याच बोर्डोपासून साठेक किलोमीटरवर आर्काशों नावाचा उपसागर आहे, आणि तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी कालवांची नवी पिढी धरेनाशी झाली. अळ्या काही दिवसांत मरत, मोठ्या कालवांच्या शिंपा जाड आणि बेढब होत. होड्यांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या रंगातले कथिलाचे संयुग याला कारण होते. फ्रान्सने जानेवारी १९८२ मध्ये लहान होड्यांवर तो रंग बंद केला आणि कालवांची पैदास परतली. ब्रिटनने तशी बंदी आणायला १९८७ उजाडले आणि जगभरातल्या जहाजांसाठीचा करार लागू व्हायला २००८. मधल्या काळात जहाजे तोच रंग लावून फिरत होती.

म्हणून "तिकडे सगळे कसे शिस्तीत" हे दादाचे पालुपद मला पटत नाही. आर्काशोंत हालचाल झाली ती कालवांचा धंदा बुडाला म्हणून. इकडे कॉर्नवॉलमध्ये व्हील जेन या बंद पडलेल्या कथिलाच्या खाणीतले कोट्यवधी लिटर आम्लधर्मी, धातूयुक्त पाणी १९९२ च्या जानेवारीत फुटून फाल खाडी तांबडी झाली, आणि ते पाणी शुद्ध करणारे यंत्र आजही चालवावे लागते. कथिलाच्या रंगाची जागा बव्हंशी तांब्याच्या रंगाने घेतली आहे, तो बंदरातल्या नावांवर मला रोज दिसतो.

दादाचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. "सांगलीचा आणि समुद्राचा काय संबंध?" असे तो विचारतो. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते आणि वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे आहेत. गाळाला चिकटलेले आपले तांबे बरेचसे तिथेच बसत असणार. पण साताऱ्याचे पाणी पश्चिमेलाही जाते. कोयनेचे ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडण्याची मुभा आहे, आणि ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. शिवाय अंड्यातला मासा गोड्या पाण्यातला असला म्हणून दणकट होत नाही. रोहू, कटल्याचे भ्रूणही तेवढेच उघडे.

आपल्या नियमांत सांडपाण्याची जैविक चाचणी आहे, हे वादात कोणी बोलत नाही. १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, असा तो नियम. म्हणजे नियमही विचारतो तो मासा मेला का, एवढेच. धातू आणि सांडपाणी यांबद्दल सांगलीत आंदोलन करणाऱ्यांनी एक मागणी वाढवावी असे मला वाटते, की नाल्यांच्या मुखाशी घेतलेल्या पाण्यात माशाची फळलेली अंडी ठेवून पिल्ले सरळ कण्याची निघतात का तेही पाहावे. त्याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही, एक सूक्ष्मदर्शक आणि मोजायला बसणारा धीराचा माणूस लागतो. तो निकाल कोणाच्या बाजूने जाईल हे आधी सांगता येणार नाही. कदाचित म्हणूनच ती मागणी होत नसावी.

हे सगळे गेल्या रविवारी मी दादाला सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग आम्ही फवारणीची टाकी ओढ्यावर धुवायची नाही म्हणतोस?" मी म्हटले, बागेतच धू, तांबे मातीत धरून राहते. क्षणभर थांबून त्याने विचारले, "आणि मातीतली गांडुळं?"

बोर्डोच्या जुन्या बागांत गांडुळे कमी झाली आहेत का, ते मी अजून वाचतो आहे. टाकी मात्र त्याने या वेळी बांधावर धुतली.