छडीने पक्कं झालेलं इंग्रजी

शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटांवर एक मजकूर सारखा फिरतो. 'आमचे इंग्रजीचे सर कडक होते, स्पेलिंग चुकलं की हातावर छडी. म्हणून आमचं इंग्रजी पक्कं. आता मुलांच्या भावना जपत बसतात. सर चिडले काय नि हसले काय, व्याकरण तेच!'

'आमचं पक्कं' म्हणणारे कोण? जे तरले ते. त्याच वर्गात इंग्रजीत दांडी उडून शाळा सुटलेले त्या गटावर नसतात. असले तरी गप्प असतात.

'भीतीने पाठ होतं.' स्पेलिंग होईलही. पण गणित चुकतं ते वहीत. इंग्रजी चुकतं ते सगळ्या वर्गासमोर, स्वतःच्या तोंडून. मॅकइंटायर आणि गार्डनर या संशोधकांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. परक्या भाषेतले शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी मध्येच व्हिडिओ कॅमेरा आणून ठेवला. तेवढ्यानेही धास्ती वाढली आणि शिकणं अडखळलं. कॅमेऱ्याच्या हातात तर छडीही नव्हती.

'सर चिडले काय, हसले काय.' इथे मजकूरवाल्यांना अर्धा गुण द्यायला हवा. लंडनच्या दोन शाळांतल्या १८९ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. भाषेच्या तासाला वाटणारी मजा शिक्षकाशी चांगलीच जोडलेली निघाली. धास्तीचा शिक्षकाशी संबंध मात्र बराच कमी. म्हणजे मुलाची सगळी भीती सरांच्या माथी मारता येत नाही. पण तासाची गोडी? ती बरीचशी त्यांच्याच हातात.

'हसरा मास्तर म्हणजे लाड.' छे. पोरगं 'he goed' म्हणालं तर 'हो, he went, मग पुढे?' एवढं म्हणून चूक दुरुस्त होते, आणि वाक्यही पुढे सरकतं.

या मजकुरात सरांची स्वतःची भीती कुठेच नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. ज्यांनी स्वतः इंग्रजी पाचवीत सुरू केलं आणि पुढे कधी बोललं नाही, अशा कितीतरी गुरुजी-बाईंवर ते शिकवायची पाळी आली. उच्चार चुकेल म्हणून धडा घाईघाईने वाचायचा, अर्थ मराठीत सांगायचा, आणि कुणी शंका विचारली की डाफरायचं. त्या डाफरण्याला आपण कडक शिस्त म्हणत आलो. मुलं मात्र एवढंच शिकली, की इंग्रजीत प्रश्न विचारायचा नसतो.