आधी पातळी जुळवा, मग ऐका
गाण्याचं मिक्सिंग करताना प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका, चालू-बंद करून बघा आणि कानावर विश्वास ठेवा, हा एका लेखातला सल्ला पटला, पण अर्धाच. कंप्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं प्लगइन) किंवा सॅच्युरेशन (आवाजाला हलकी विकृती देऊन भरीवपणा आणणारं) लावलं की बऱ्याचदा आवाजच थोडा वाढतो, आणि एखाद्या डेसिबलनं मोठं झालेलंही कानाला सरस वाटतं. आवाजाच्या पातळीनुसार खर्ज कमी-जास्त जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून आधी आउटपुटचा नॉब खाली घेऊन पातळी जुळवा. मग डोळे मिटून बायपास (प्लगइन चालू-बंद करायचं बटण) भराभर दाबत राहा, चालू की बंद हे विसरेपर्यंत, आणि तेव्हा निवडा. एका गाण्यावर मी असं केलं तर आधी जाणवलेला उजळपणा कुठेच नव्हता, फक्त शब्दांतला ‘स’चा उच्चार टोचत होता. प्लगइन काढलं, गळा मोकळा झाला.